मॅच एअर पिस्टलचा ट्रिगर, ९ महिन्यांच्या वापरानंतर

ही १० मीटरची एअर पिस्टल वापरायला लागून नऊ महिने झाले. आठवड्यातून चार दिवस रेंजवर आणि घरी रोज वीस-पंचवीस मिनिटं ड्राय, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायचा सराव. ग्रिप, साइट, सिलेंडर यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, सगळं नीट आहे. मला लिहायचंय ते ट्रिगरबद्दल, कारण माझं मत सगळ्यात जास्त बदललं ते त्याच्याचबद्दल. घेताना मी ज्याला त्याला एकच विचारत होते, ट्रिगर किती हलका आहे? आता मला कोणी तेच विचारलं तर मी उलट विचारते, हलका कुठे हवाय तुला, भिंतीच्या आधी की भिंतीवर?

भिंत म्हणजे काय ते नवीन लोकांसाठी सांगते. मॅच पिस्टलचा ट्रिगर बहुतेक वेळा दोन टप्प्यांचा असतो. बोट मागे घ्यायला लागलं की थोडं अंतर मऊ जातं, स्प्रिंगचा सारखा दाब लागतो, ही फर्स्ट स्टेज. मग बोट एकदम कशाला तरी टेकतं, ती भिंत, तिथून सेकंड स्टेज सुरू. भिंतीवर पोचल्यावर ट्रिगर हलतोय असं जाणवायलाच नको, नुसता दाब वाढत जावा आणि वाळकी काटकी मोडावी तसा शॉट सुटावा. आत प्रत्यक्षात होतं एवढंच की सिअर म्हणजे अडवून धरणारा छोटा दात, तो त्याच्या खाचेवरून घसरतो. खाचेत तो किती खोल बसलाय आणि दोन्ही पृष्ठभाग किती गुळगुळीत आहेत यावर बोटाला काय जाणवणार ते ठरतं.

आता वजनाचं. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात १० मीटर एअर पिस्टलला ट्रिगरचं वजन कमीत कमी ५०० ग्रॅम लागतं. इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्य तपासणीत, नळी उभी धरून ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरच्या साधारण मधोमध टांगतात आणि उचलतात, वजन उचललं गेलं पाहिजे, शॉट सुटता कामा नये, तीन प्रयत्न मिळतात. मधोमध का, तर ट्रिगर वरच्या बाजूला पिनवर फिरतो, म्हणजे तो एक तरफ आहे, बोट जितकं खाली तितका कमी जोर लागतो. त्यामुळे एकाच पिस्टलचा ट्रिगर दोघांना वेगळा जड लागू शकतो, कारण दोघांची बोटं वेगळ्या उंचीवर टेकतात.

तर एकूण वजन ५००च्या थोडं वर ठेवावंच लागतं, त्यात फार काही ठरवायचं उरत नाही. ठरवायचं असतं ते हे वजन दोन स्टेजमध्ये वाटायचं कसं. आणि इथे माझे पहिले दोन महिने गेले.

मी सुरुवातीला फर्स्ट स्टेज साडेचारशे ग्रॅमवर नेली आणि भिंतीवर जेमतेम साठ-सत्तर ठेवले. ड्राय करताना स्वर्ग वाटायचा, भिंतीला टेकलं की सुटलाच. पण टार्गेटसमोर उभं राहून, श्वास अर्धा सोडून, साइट टार्गेटच्या काळ्या वर्तुळाखाली स्थिरावली की माझं बोट भिंतीपर्यंत जायलाच घाबरायला लागलं. जरा जास्त टेकलं तर सुटेल, म्हणून मी अलीकडेच थांबायचे, साइट अगदी हवी तशी होईपर्यंत वाट बघायचे आणि मग झालं की पटकन ओढायचे. तेच ते ओढणं शॉटची वाट लावत होतं. सरांनी काही न बोलता फक्त माझं बोट बघितलं दोन सिरीज, म्हणजे दहा-दहा शॉट, आणि म्हणाले, तू भिंतीवर टेकतच नाहीयेस, लांबून उडी मारतेस.

मग फर्स्ट स्टेज ३५० आणि भिंतीवर १६० असं केलं. पहिल्या दिवशी जड वाटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की मी हात खाली उतरवतानाच भिंतीला टेकतेय आणि तिथे निवांत टेकून राहतेय, कारण भिंत आता भरवशाची झालीये. बोटाला काही ठरवायचं राहत नाही, फक्त दाब वाढवत राहायचं. माझ्यासाठी चांगला ट्रिगर म्हणजे हेच, भिंत लागल्यानंतर बोटाला दुसऱ्यांदा विचार करायला न लावणारा.

वाईट ट्रिगर काय करतो तेही याच हिशोबाने कळतं. मी ज्या जुन्या क्लबच्या पिस्टलवर शिकले तिच्यात भिंत लागल्यावर ट्रिगर किंचित सरकायचा, थांबायचा, परत सरकायचा. यालाच क्रीप म्हणतात. दरवेळी थांबला की मनात येतं, आता सुटायला हवा होता, सुटला कसा नाही, आणि त्या एका क्षणात सगळा पंजा आवळला जातो. एकटं बोट आवळत नाही ना. हे बघायचं असेल तर टार्गेट काढून टाका, पिस्टल रिकामी आहे हे नळीत सेफ्टी दोरी घालून एकदा खात्री करा, मग ड्राय मोडवर खोलीच्या साध्या पांढऱ्या भिंतीकडे धरा आणि फक्त पुढच्या साइटकडे बघा. मागच्या खाचेत तिच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या दोन बारीक पट्ट्या दिसतात. क्रीपवाल्या ट्रिगरवर डावी पट्टी हळूच बारीक होताना डोळ्यांनी दिसायची. मागची साइट ते पुढची साइट साधारण ३३ सेंटीमीटर धरलं तर तिथे ०.३ मिमी सरकणं म्हणजे १० मीटरवर ९ मिमी. एका रिंगपासून पुढच्या रिंगपर्यंतचं अंतर ८ मिमी आहे आणि आख्खं दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं. म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या हालचालीत एक रिंग गेली. पांढऱ्या भिंतीवर हे मी पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी मला क्रीपचा खरा राग आला.

चौथ्या महिन्यात माझ्या स्वतःच्या पिस्टलमध्ये क्रीप जाणवायला लागला. अगदी थोडा. आधी वाटलं मीच थकलेय. मग वाटलं सिअर झिजला, आणि मी सिअरचा स्क्रू फिरवायला निघाले होते, बरं झालं नाही फिरवला. जोरात प्रकाश पाडून ट्रिगरच्या पात्याकडे, म्हणजे बोट टेकतं त्या भागाकडे, बाजूने बघत हळू दाब दिला तर आत काही हलण्याआधी पातंच केसभर कलत होतं. ते पातं ज्या दांडीवर बसतं तिथला ॲलन स्क्रू सैल झाला होता. घट्ट केला, क्रीप गायब. आता स्क्रूवर आणि दांडीवर मिळून मार्करने एक बारीक रेघ मारून ठेवलीये, रेघ तुटलेली दिसली की समजायचं स्क्रू फिरलाय. ट्रिगर अचानक बिघडला असं वाटलं तर आधी हे बघा, मग आत हात घाला.

सिअरच्या स्क्रूबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. क्रीप घालवायच्या नादात लोक दात खाचेत इतका वरवर बसवतात की पिस्टल टेबलवर जरा जोरात ठेवली तरी सुटू शकते. असं कधीही करू नका. ज्याला आतलं नीट माहिती आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

ओव्हरट्रॅव्हल म्हणजे शॉट सुटल्यावरही ट्रिगर आणखी किती मागे जातो ते. याबद्दल लोक कमी बोलतात. दाब देत असताना समोरचा अडथळा एकदम नाहीसा झाला की बोट धडपडतं, आणि पेलेट म्हणजे छर्रा अजून नळीतच असतो. ट्रिगरला तिथेच अडवणारा स्क्रू, म्हणजे ट्रिगर स्टॉप, असतो त्याच्यासाठी. मी तो अगदी चिकटवून बघितला तर एक-दोनदा शॉट सुटेचना, मग पाव फेरा मागे घेतला, तिथे बरोबर बसला.

जड ट्रिगर म्हणजे वाईट ट्रिगर नाही हे मला २५ मीटरच्या .२२ पिस्टलवर पटलं. तिथे किमान १००० ग्रॅम, म्हणजे माझ्या दुप्पट. पण ज्या पिस्टलवर मी थोडे दिवस होते तिची भिंत इतकी स्वच्छ होती की पन्नास शॉटनंतर वजन आठवतही नव्हतं. डबल ॲक्शनचं गणित वेगळं, तिथे बोट आधी हॅमर, म्हणजे शॉट उडवणारा हातोडा, मागे नेतं आणि मगच सोडतं, लांब आणि कित्येक किलोंचा ओढा. तिथेही अनुभवी लोक बघतात ते ओढा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा आहे का हे. शेवटी शेवटी एकदम जड होत गेला की हात हललाच.

पात्याच्या जागेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. पातं पुढे-मागे सरकतं, थोडं वळतंही. माझी बोटं आखूड, मूळ सेटिंगला बोटाचं नुसतं टोक पोचायचं आणि शॉट डावीकडे जायचे, मी उजव्या हाताची. पातं दोन-तीन मिलिमीटर मागे घेतलं, आता पहिल्या पेराचा मधला गुबगुबीत भाग बरोबर टेकतो आणि दाब सरळ मागे जातो. बोट आणि ग्रिपच्या मध्ये थोडी फट दिसली पाहिजे, बोट लाकडाला घासत असेल तर ट्रिगर कितीही चांगला असो, तो खरखरीतच लागणार.

सध्या ३५० अधिक १६०, एकूण ५१०. थंडीत बोट बधिर होतं तेव्हा भिंत उशिरा जाणवते, म्हणून त्या दिवसांत फर्स्ट स्टेज थोडी कमी करून भिंतीवर वीसेक ग्रॅम वाढवून बघणारेय. आठवडाभर फक्त ड्राय करेन त्याच्यावर, आणि दोन पट्ट्या हलल्या नाहीत तरच पेलेट घालेन.