रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवरची कोलंबियन कोंबडी : नऊ महिने खाल्ल्यानंतर

पहिल्यांदा गेले ती कढीपत्त्यामुळे. न्यूयॉर्कातल्या मराठी माणसाचं जॅक्सन हाइट्सला जाणं म्हणजे ७४व्या रस्त्यावर डाळी-मसाले भरायचे आणि परतीची गाडी पकडायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रविवारी रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर सेव्हन ट्रेन या मेट्रोच्या पुलाखालून आम्ही उगाच पुढे चालत राहिलो. ८२वा रस्ता ओलांडला की पाट्या स्पॅनिश होतात. तिथे एका कोलंबियन हॉटेलच्या दारातून भाजक्या कोंबडीचा असा वास आला की पिशव्यांसकट आत शिरलो. तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं.

आरक्षण नाही. दारातल्या बाईला माणसं किती ते सांगायचं आणि थांबायचं. पार्सलची रांग वेगळी असते हे आम्हाला वीस मिनिटं चुकीच्या रांगेत उभं राहिल्यावर कळलं. कुणी सांगत नाही, पाटीही नाही. आत टीव्ही, पोरं, ताटांचा खणखणाट. बोलायचं तर ओरडून. पण वाढणारी बाई 'मि आमोर' (लाडके) म्हणत प्लेट ठेवते आणि 'ग्रासियास' (धन्यवाद) म्हटलं की 'कोन मूचो गूस्तो' (अगदी आनंदाने) म्हणते. तेवढ्यावर माझा राग उतरतो.

आता कोंबडी. भट्टीत आडव्या सळयांवर कोंबड्या ओळीने ओवलेल्या असतात. फिरता फिरता वरच्या सळईची चरबी खालच्या ओळीवर ठिबकत राहते. त्यामुळे कातडी तांबूस, खारट आणि चिकट होते. मसाला म्हणाल तर बेताचा : लसूण, जिरं, मीठ. तिखटाची उणीव 'आही' भरून काढतं. कांद्याची पात, कोथिंबीर, मिरची आणि व्हिनेगर यांचं ते पाणीदार मिश्रण. नवरा त्याला 'पातळ ठेचा' म्हणतो. पेरू देशातल्या लोकांची दाट हिरवी चटणी डोक्यात ठेवून गेलात तर आधी निराशा होईल. दोन-तीन भेटींनंतर मला हेच जास्त आवडू लागलं.

सोबतची आरेपा म्हणजे मक्याची जाडसर, पांढरी भाकरी. नुसती खाल्ली तर चवच नाही, आणि पहिल्या दिवशी मी तेवढ्यावरून नाक मुरडलं होतं. आरेपा आही आणि कोंबडीच्या रसात बुडवायची असते. भाकरी खाणाऱ्या घरातल्या बाईला हे कळायला महिना लागला! युका मात्र पहिल्या घासापासून आपली वाटली. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच हा, तळलेला. उपासाचा जिन्नस कोंबडीच्या शेजारी बघून आई खूप हसली होती. ती श्रावणात आली होती, म्हणून तिच्यासाठी भात, पिकल्या केळ्याचे तळलेले काप आणि लुलो नावाच्या फळाचा आंबटगोड रस मागवला. राजमा मागवणार होते, पण आधी विचारलं ते बरं झालं. त्यात डुकराचं मांस होतं. शाकाहारी कुणाला नेणार असाल तर विचारल्याशिवाय राजमा घेऊ नका.

तक्रार एकच, पण मोठी. मार्चमध्ये एका मंगळवारी गर्दी टाळावी म्हणून दुपारी साडेतीनला गेले. जागा लगेच मिळाली. कोंबडी मात्र सळईवरून कधीच उतरलेली, दिव्याखाली गरम ठेवलेली. छातीचा तुकडा खडूसारखा भुगभुगीत होता. मला वाटलं, दिवस वाईट असेल. एप्रिलमध्ये त्याच वेळी गेले, पुन्हा तेच. सांगितलं तर जास्तीची आही आणून दिली, तुकडा काही बदलला नाही.

याच्या उलट १४ जुलैची रात्र. मायामीत कोपा अमेरिका या फुटबॉल स्पर्धेची अंतिम लढत होती, कोलंबिया विरुद्ध अर्जेंटिना, आणि ते आम्ही विसरलोच होतो. साडेसातला पोचलो तर रस्ताभर पिवळे शर्ट. सामना तासाहून जास्त उशिरा सुरू झाला, तसा कंटाळलेल्या लोकांनी पुन्हा खायला मागवलं. आम्ही पन्नास मिनिटं उभे होतो आणि तोवर बटाटे संपले. पण सळईवरून उतरलेली कोंबडी सुऱ्याखालून थेट आमच्या डब्यात आली, आणि तशी कोंबडी मी तिथे आधी किंवा नंतर खाल्लेली नाही. उभ्याउभ्याच निम्मी संपवली. घरी आल्यावर सामना पाहिला. ११२व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या लाउतारो मार्तीनेसने गोल केला, कोलंबिया ०-१ हरली, आणि आम्हीही उगाच हळहळलो.

तेव्हापासून रविवारी एक-दीडला, ऐन गर्दीतच जातो. रांग हलत असली की कोंबड्याही हलतात. आडवेळी जावंच लागलं तर 'पिएर्ना' म्हणजे तंगडी मागा. ती सहसा कोरडी पडत नाही. दोघांना अर्धी कोंबडी, एक युका आणि एक रस पुरतो. हातमोजे मागितले तर देतात. शेजारच्या टेबलावरच्या आजी म्हणाल्या, कोलंबियात कोंबडी अशीच प्लास्टिकचे पातळ मोजे घालून खातात. आम्ही सरळ हातानेच खातो.

पार्सल नेणार असाल तर आरेपा तिथेच संपवा. घरी येईपर्यंत तिची दगडी पाटी होते. आणि कढीपत्ता आधी घ्या, नंतर त्या दुकानाकडे मागे फिरायला पाय उचलत नाहीत.