रत्नागिरीतला आयकिडो क्लास, 9 महिन्यांचा अनुभव (आई आणि मुलगी दोघी जातो)

बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच नीट लिहिते. गेल्या दसऱ्यानंतर मी आणि माझी मुलगी (वय 11) आयकिडोला (ही एक जपानी युद्धकला) जायला लागलो, मारुती मंदिरपासून चालत पाचेक मिनिटांवर एका बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे तिथे, आठवड्यातून 3 दिवस, संध्याकाळी साडेसहा ते आठ. माझं वय 43, त्याआधी व्यायाम म्हणजे भाट्याच्या किनाऱ्यावर चालणं, बस एवढंच.

मी गेले ते माझ्या आईमुळे. मागच्या आषाढात गावच्या घरी मागल्या दारी विहिरीकडे जाताना ती चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून सटकली, पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. आपल्याकडे पावसाळ्यात प्रत्येक वाडीत असं कोणी ना कोणी पडतंच. हाडांचे डॉक्टर म्हणाले पडताना माणूस हात पुढे करतोच आणि सगळा भार मनगटावर येतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, की नीट पडायचं कसं हे कोणी शिकवतं का. तर शिकवतात, आणि आयकिडोत तीच पहिली पायरी आहे, त्याला उकेमी म्हणतात.

पहिला महिना आम्ही दुसरं जवळजवळ काही केलंच नाही. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि मागे लोळायचं, डोकं मॅटला लागता कामा नये. मग तेच उभं राहून. मग पुढची कोलांटी, ती शाळेत शिकवतात तशी डोक्यावरून सरळ नाही, हाताच्या कडेवरून कोपर, खांदा आणि तिथून तिरकी पाठीवरून उलट्या बाजूच्या कमरेवर उतरते. वाचायला सोपं वाटतं पण मला दीड महिना लागला, पोरीला 4 दिवस. सर एकच वाक्य परत परत सांगायचे, "ताई, हात टेकू नका, श्वास सोडा." चाळिशीनंतर जमिनीवर लोळायचीच भीती बसलेली असते ती हळूहळू जाते, आणि मला विचाराल तर फीचे पैसे तिथेच वसूल झाले. 2 आठवड्यांपूर्वी आमच्याच गेटजवळ चप्पल सरकली तर मी आपोआप गुडघे वाकवून मागे बसले आणि पाठीवर गेले, साडी चिखलाने भरली पण हात, डोकं शाबूत. आईला फोन करून सांगितलं तर ती कितीतरी वेळ काहीच बोलली नाही.

आता मुख्य प्रकाराबद्दल. समोरचा मनगट धरतो किंवा वरून डोक्यावर हात मारतो, आपण त्याच्या जोराला जोर लावायचा नाही, रेषेतून बाजूला व्हायचं, वळायचं आणि त्याचा तोल जिकडे जातोय तिकडेच त्याला न्यायचं. मला हे कळत नव्हतं, मी दात-ओठ खाऊन ढकलायचे. मग एक दिवस जोडी करून गोल वळत असताना एकदम गौरीतली फुगडी आठवली. फुगडीत आपण दोघी मागे रेलतो, एकमेकींचा भार हातात असतो आणि मधला बिंदू फिरत राहतो, कोणी एकीने ओढाओढ केली की दोघी पडतात. इथेही तसंच मधला बिंदू आपल्या पोटाजवळ ठेवून फिरायचं असतं. सरांना सांगितलं तर त्यांनी पुढच्या क्लासला सगळ्या पोरांना खरंच फुगडी घालायला लावली आणि त्यानंतर तेन्कान (म्हणजे ते वळणं) सगळ्यांचंच सुधारलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे थाप. निक्यो नावाचा एक मनगटाचा पेच आहे, तो नीट लागला की गुडघ्यावर बसायलाच होतं इतकं दुखतं. ज्याला दुखतं त्याने मॅटवर थाप मारायची आणि समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं, विचारायचं नाही, अजून थोडं करून बघायचं नाही. सहावी-सातवीतली मुलं हे इतकं काटेकोर पाळतात! माझी मुलगी आधी दुसऱ्या एका क्लासला (आयकिडो नव्हे) जायची तिथे रडली तरी फाइट पूर्ण करायला लावायचे, ती रात्री झोपायची नाही, शेवटी मी बंद केलं. इथे मॅचेसच नाहीत, मेडल नाही, कोणी हरत नाही. एकदा एक जण हल्ला करणार, मग दुसरा, भूमिका बदलत राहायच्या. पडणाऱ्याला उके म्हणतात आणि चांगला उके होणं हे पेच टाकण्याइतकंच महत्त्वाचं मानतात.

ज्यांनी ही कला काढली ते मोरिहेई उएशिबा 1883 साली जपानच्या तानाबे गावात जन्मले, तेही समुद्राकाठचंच गाव. लहानपणी तब्येतीने नाजूक, मोठे झाल्यावर ताकेदा सोकाकू यांच्याकडे दाइतो-र्यू जुजुत्सु ही जपानी युद्धकला शिकले, तलवार-भालाही शिकले, आणि त्यातून माणसाला मोडण्याचा भाग कमी करत करत स्वतःची पद्धत उभी केली. आयकिडो हे नाव 1942 पासून रुळलं, ऐन महायुद्धात, मला हे फार विशेष वाटतं. ते 1969 ला गेले, अगदी म्हातारपणीही शिकवत होते. आमच्या हॉलमध्ये समोर त्यांचा फोटो आहे, क्लास सुरू करताना त्याला आणि मग एकमेकांना वाकून नमस्कार, सगळ्यात छोटा पोरगा सुद्धा सरांना आणि सर त्याला.

वयाचं म्हणाल तर बॅचमध्ये 8 वर्षांच्या मुलापासून एसटीतून रिटायर झालेल्या 66 वर्षांच्या काकांपर्यंत सगळे आहेत. काकांना कोलांटी करायला सर लावत नाहीत, ते मागची उकेमी बसूनच करतात, गुडघ्यावर चालायचा प्रकार (शिक्को) त्यांना माफ, पण 'जो' नावाची साधारण 128 सेंटीमीटरची लाकडी काठी असते ती ते इतकी सुरेख फिरवतात की पोरं बघत बसतात. गुडघे, कंबर, बीपी काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा आणि सरांना पहिल्याच दिवशी सांगा.

खटकलेल्या गोष्टी पण सांगते. मॅट जुन्या आहेत, जोडावर सरकतात आणि फट पडते, माझ्या मुलीचं बोट एकदा अडकलं होतं, सांगूनही 2 महिने बदलल्या नाहीत. बायकांना कपडे बदलायला धड खोली नाही, आम्ही घरूनच बदलून जातो. पावसात हॉलला कुबट वास येतो, खिडक्या उघडल्या तर पाऊस आत. नवीन-जुने एकत्रच असल्यामुळे परीक्षा जवळ आली की सरांचं लक्ष वरच्या बेल्टवाल्यांकडे जातं आणि आम्ही पांढरे बेल्टवाले तेच ते करत राहतो. आणि ज्यांना 3 महिन्यांत मारामारी जमायला हवी त्यांनी इथे येऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगते, ते इथे होणार नाही. वेळ लागतो.

फी महिना 800, आईसोबत मूल असेल तर दोघांचे 1,300. पहिले 2 क्लास नुसते बघायला किंवा ट्रॅक पँटवर करून बघायला देतात, गी (सरावाचा पोशाख) लगेच घ्यायची सक्ती नाही. येताना नखं कापून या, मंगळसूत्र, अंगठ्या, बांगड्या घरी ठेवा, काचेच्या बांगड्या तर अजिबात नकोत, नवीन लग्न झालेली एक मुलगी हिरवा चुडा उतरवायला तयार नव्हती तर सरांनी तिला चुडा असेपर्यंत एकटीने करायच्या हालचालीच शिकवल्या, सक्ती केली नाही. आणि पावसाळ्यात सुरू करणार असाल तर गी दोन घ्या, जाड कापड आहे, आपल्याकडच्या दमट हवेत 3 दिवस वाळत नाही, मी फॅनखाली टाकते तरी.