नॉक्सव्हिलचा तीस फुटी चेंडू आणि पॅटमॅडम: एका निवृत्त पी.टी.च्या बाईंचा अभिप्राय

लेक अटलांटाला असतो. दर खेपेला तो मला एक धबधबा आणि एक मत्स्यालय दाखवतो, मी "छान आहे हो" म्हणते आणि परत येते. यंदा मी सांगलीहून निघतानाच सांगून ठेवलं होतं की मला टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला ने. तिथे फक्त बायकांच्या बास्केटबॉलचं संग्रहालय आहे, 'विमेन्स बास्केटबॉल हॉल ऑफ फेम', १९९९ साली उघडलेलं. लेक म्हणाला, "आई, साडेतीन तास गाडी चालवायची आणि चेंडू बघायचे?" मी म्हटलं, हो.

जेवणाचं आधी सांगून टाकते. वाटेत हायवेवरच्या एका ठिकाणी "व्हेज आहे" म्हणून थांबलो, तर पावाच्या दोन तुकड्यांत कोबीसारखं दिसणारं पान आणि टोमॅटोची एक चकती. सुनेने तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या होत्या म्हणून निभावलं. पुऱ्या घेऊनच निघा.

संग्रहालय शोधावं लागत नाही. इमारतीच्या डोक्यावर ३० फूट उंच, १० टन वजनाचा बास्केटबॉल बसवलाय आणि त्याच्याखाली काचेचा जिना आहे, जाळीच्या आकाराचा. नात ओरडली, "आज्जी, बास्केट झाली!" मला हसू आलं. आमच्या कॉलेजच्या रिंगला जाळीच नव्हती. चेंडू आतून गेला की बाहेरून, यावरून निम्मी मॅच भांडणात जायची.

आत काय आहे? सुरुवात सेंडा बेरेन्सनबाईंपासून होते. अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात १८९२-९३ मध्ये त्यांनी मुलींना हा खेळ शिकवला, पण कोर्टाचे तीन भाग पाडून. आपला भाग सोडायचा नाही आणि दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही. मुली दमतील, बेशिस्त होतील ही त्या काळची काळजी. नंतर 'रेड हेड्स' नावाचा लाल केसांच्या बायकांचा व्यावसायिक संघ आला, १९३६ ते १९८६ अशी पन्नास वर्षं गावोगाव हिंडून पुरुषांच्या संघांशी खेळणारा. ज्या लांबलचक गाडीतून तो हिंडायचा तसली गाडीच इथे ठेवली आहे. लेकाने सगळ्यात जास्त वेळ त्या गाडीपाशी घालवला. पुरुषांना घेऊन येणार असाल तर ही सोय आहे.

मी मात्र टेनेसीच्या मुलींच्या संघाच्या कोच पॅट समिट यांच्यासाठी गेले होते. त्यांच्या खेळाडू त्यांना नुसतं पॅट म्हणायच्या. माझ्याच्यानं ते होणार नाही, मी पॅटमॅडम म्हणते. जन्म १९५२, टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलचा. घर शेतकऱ्याचं, गवताच्या पेंढ्या उचलत वाढलेल्या. गावच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, तर लेकीला खेळता यावं म्हणून वडिलांनी बिऱ्हाडच शेजारच्या काउंटीत हलवलं. मार्टिन गावच्या कॉलेजातून त्या खेळल्या, १९७४ ला पदवी घेतली आणि त्याच वर्षी, वयाच्या २२ व्या वर्षी, टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या मुख्य कोच झाल्या. संघातल्या चौघी त्यांच्याहून जेमतेम वर्षाने लहान. पगार महिना २५० डॉलर. संघाची व्हॅन त्याच चालवायच्या. जर्सी त्याच धुवायच्या, आणि त्या जर्सीही आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आलेल्या. एकदा तर मॅचच्या आदल्या रात्री यजमानांच्या जिममध्येच जमिनीवर सगळ्या झोपल्या होत्या.

हे आठवून मी तिथल्या बाकावर जरा बसले. गुडघे दुखत होते हेही खरं.

मी विद्यापीठाकडून खेळले ते १९८२-८३ ला. आमच्या कॉलेजने, नाव घेत नाही, मुलांच्या दोन वर्षं वापरलेल्या जर्सी आम्हाला दिल्या होत्या. काखेत उसवलेल्या. पाठीवरचे आकडे धुऊन पुसट झालेले, म्हणून पंच विचारायचे, "ही तीन नंबर की आठ?" मॅचला दुसऱ्या गावी गेलो की मुक्काम शाळेच्या वर्गात, बाक भिंतीला लावून, सतरंजीवर. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा बारा जर्सी घरी आणून भिजवायची. गॅलरीत दोऱ्यावर त्या ओळीने वाळत घातल्या की आमचे हे म्हणायचे, "आज कुणाचा संघ उतरलाय आपल्याकडे?" कोर्टावर फक्की मीच मारायची, हात आठवडाभर पांढरे. हे सगळं मी कायम आपल्याकडच्या गरिबीत मोजलं होतं. अमेरिकेत, तेही आमच्या जेमतेम आठ वर्षं आधी, कोच बाई बादलीत जर्सी बुचकळत असेल हे डोक्यात आलंच नव्हतं. बादली नसेल, मशीन असेल. पण धुणं ते धुणंच.

गुडघ्याचं तर विचारूच नका. खेळाडू असताना मॅडमच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता. तरी १९७६ ला माँट्रियलच्या ऑलिंपिकला खेळाडू म्हणून गेल्या. बायकांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलं होतं, अमेरिकेला रौप्य मिळालं. तेव्हा त्या टेनेसीच्या कोचही होत्याच. १९८४ ला लॉस एंजेलिसला कोच म्हणून गेल्या आणि सुवर्ण घेऊन आल्या. टेनेसीत ३८ मोसम, १,०९८ विजय, २०८ पराभव, आठ राष्ट्रीय विजेतेपदं, आणि १९९७-९८ च्या मोसमात ३९ पैकी ३९ सामने जिंकले. विजयांचा आकडा आता इतरांनी मागे टाकलाय. मला त्याहून दुसरी गोष्ट मोठी वाटते: त्यांच्याकडे शेवटपर्यंत खेळलेल्या सगळ्या मुली पदवीधर झाल्या. वर्गात पहिल्या तीन ओळींतच बसायचं असा दंडक होता. ज्याने कधी खेळाडू मुलांची हजेरी घेतली आहे त्याला कळेल, मागच्या बाकावरून उठवून पुढे बसवणं हे रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू पकडणं) शिकवण्यापेक्षा अवघड काम आहे.

आणि जिद्द कसली! १९९० ला पूर्ण दिवस भरलेले असताना एका मुलीला संघात घ्यायला पेनसिल्व्हेनियाला गेल्या. परतीच्या विमानात कळा सुरू झाल्या. वैमानिक व्हर्जिनियात उतरवतो म्हणाला तर नको म्हणाल्या, कारण व्हर्जिनियाने त्यांना त्याच वर्षी हरवलं होतं. मुलगा टेनेसीतच जन्मला.

लॉकर रूमसारखी एक खोली आहे, तिथे हाफटाइमला कोच काय बोलतात ते ऐकायला मिळतं. नात कंटाळली. मी दोनदा ऐकलं. इंग्रजी भरभर होतं, पण सूर ओळखीचा होता. "डिफेन्सला हात वर नाहीत तुमचे" हे कुठल्याही भाषेत तसंच ऐकू येतं.

खाली खेळायला कोर्ट आहे, लहान मुलं असतील तर तिथे तास राखून ठेवा. मी फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहिले. पहिला चेंडू रिंगलाही लागला नाही. दुसरा बोर्डला लागून परत आला. चौथा गेला, आणि बाजूच्या एका अनोळखी पोरीने टाळी दिली. एक सांगते, मुलींसाठी ६ नंबरचा चेंडू घ्या. आम्ही सगळं आयुष्य पुरुषांच्या ७ नंबरने खेळलो, बोटं पुरायची नाहीत. इथल्या कॉलेजांनी मुलींचा चेंडू १९८४ लाच लहान केला होता.

फलक सगळे इंग्रजीत आहेत, आई-वडिलांना नेणार असाल तर वाचून दाखवायला कुणीतरी सोबत लागेल. दोन-अडीच तास पुरतात. पण पॅटमॅडमसाठी जाणार असाल तर तेवढ्यावर परत फिरू नका. विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या नावाचा चौक आहे, तिथे त्यांचा ब्राँझचा पुतळा. २०११ ला, ५९ व्या वर्षी, अल्झायमर झाल्याचं त्यांनी स्वतः जाहीर केलं आणि तरी पुढचा मोसम पूर्ण केला. २०१६ ला गेल्या. मी चपला काढायला वाकले, लेक म्हणाला, "आई, इथे काढत नाहीत." मग तशीच उभी राहिले.

संग्रहालयाला पाचपैकी पाच. हायवेवरच्या जेवणाला शून्य.

गाडीत बसायच्या आधी नातीने ले-अप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून टाकायचा चेंडू, कसा मारायचा विचारलं. पार्किंगमध्ये चेंडू नव्हता, पुऱ्यांचा रिकामा डबा होता. तो तिच्या हातात दिला आणि पावलं शिकवली: उजवा, डावा, उडी. ती सारखी आधी डावाच टाकत होती. लेकाने तीनदा हॉर्न वाजवला.