बीएमडब्ल्यू आयएक्स एक्सड्राइव्ह50 : जालन्यात वापरल्यानंतरचा अनुभव

"ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न आधी मिटवतो, कारण परतूरच्या चहाच्या टपरीपासून मुंबईतल्या हॉटेलच्या दरवानापर्यंत सगळे हेच विचारतात. गाडी पूर्ण इलेक्ट्रिक आहे, कंपनीचा दावा एका चार्जिंगला 635 किलोमीटरचा आहे, पण तो युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीचा आकडा. बॅटरी 111.5 युनिटची, त्यातली वापरायला मिळते साधारण 105. जालना-परभणी-जिंतूर असं दुपदरी रस्त्यांनी साठ-ऐंशीच्या वेगानं फिरलो तर शंभर किलोमीटरला 18-19 युनिट जातात, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास निघतात. समृद्धी महामार्गावर 120 ला क्रूझ कंट्रोल लावला आणि बाहेर मे महिना असला की तेच 24-25 वर जातं. तिथं 420 च्या पुढचा भरवसा धरू नये. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पेट्रोलच्या गाडीतही हेच होतं, पण तिथं पुढचा पंप जवळ असतो म्हणून कुणी हिशेब ठेवत नाही.

माझा बियाण्यांचा धंदा आहे. महिन्याचा अर्धा वेळ बीड, परभणी, लातूरचे डीलर आणि अधूनमधून मुंबई. एवढ्या पैशात काय काय आलं असतं, हे मला घरच्यांनी आणि न विचारता बाहेरच्यांनीही सांगून झालंय. आपल्याकडे महागड्या गाड्यांची नवलाई तशी जुनीच. 2010 साली शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, लोकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या. इलेक्ट्रिकवर जीएसटी पाचच टक्के आहे, हे माझ्या बाजूचं एकमेव शहाणपणाचं कारण होतं. बाकी हौस.

आता ताकद. 523 हॉर्सपॉवर, 765 न्यूटन मीटर, शून्य ते शंभर 4.6 सेकंदांत. दोन मोटर, एक पुढच्या आणि एक मागच्या चाकांना. त्यांत कायमचे चुंबक नाहीत, चुंबकत्व विजेनंच तयार होतं, त्यामुळे दुर्मीळ मृदा धातू लागत नाहीत. हे ऐकायला छान आहे, पण मराठवाड्यात 4.6 सेकंद वापरायचे कुठं? माझ्या मते एकाच ठिकाणी. गाळपाचा हंगाम सुरू झाला की अंबड-वडीगोद्री पट्ट्यात उसाचे ट्रॅक्टर रांगेनं चालतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि वरचा ऊस दोन्ही बाजूंनी लोंबलेला. डिझेल गाडीत गिअर खाली पडायची वाट बघत समोरच्या ट्रककडे डोळे लावून बसावं लागायचं. इथं पाय दाबला की पन्नासची नव्वद होते आणि ट्रॅक्टर आरशात गेलेला असतो. ओव्हरटेकला लागणारं अंतर एवढं कमी होतं की हा मला सुरक्षेचाच भाग वाटतो. सौ.चं मत वेगळं आहे. तिच्या पोटात गोळा येतो आणि ती तसं प्रत्येक वेळी सांगते.

रोजच्या वापरात ताकदीपेक्षा जास्त किंमत वसूल होते ती एअर सस्पेन्शनवर. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आक्रसतात. दोन वर्षांत डांबराला लाटा पडतात. खड्डा दिसतो तरी, लाट दिसत नाही. अडीच टनांची ही गाडी त्या लाटांवरून बैठकीच्या गादीसारखी जाते. आई मागे बसून परळीपर्यंत झोपते, हा तिचा सगळ्यात मोठा अभिप्राय. समृद्धीच्या काँक्रिटवर मात्र इंजिनचा आवाज नसल्यामुळे टायरचा आवाज जास्त जाणवतो. आणि रुंदी जवळजवळ दोन मीटर आहे. कादराबादच्या गल्ल्यांत मी ती नेत नाही, स्कूटर काढतो.

मुंबईच्या वाटेवर एक गंमत आहे. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला, त्यात सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. घाट उतरताना सिलेक्टर 'बी'वर टाकला की ब्रेकला फारसा पाय लावावा लागत नाही. मोटर जनित्र होते आणि दोन-अडीच युनिट बॅटरीत परत येतात. येताना ते चढात व्याजासकट जातात, हेही लक्षात असू द्या.

खरा विषय चार्जिंगचा. मराठवाड्यात ही गाडी घ्यायची असेल तर आधी घरची वीज बघा, मग शोरूमला जा. थ्री फेज, वाढवून घेतलेला लोड आणि 11 किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, असेल तर रिकामी बॅटरी भरायला दहा-अकरा तास लागतात. लोड वाढवायचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना गाडी मात्र दारात येऊन उभी राहिली होती. घरगुती मीटरवर वापर वाढला की वरच्या स्लॅबचा दर झोंबतो, म्हणून छतावर सोलर वाढवलं. एक किलोवॉटचं पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं. दिवसा गाडी बाहेर असते, पण नेट मीटरिंगमुळे दिवसाची वीज रात्रीच्या वापरातून वळती होते. एप्रिल-मेच्या संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि चार्जर मधेच थांबतो. आता टायमर रात्री अकरानंतरचा लावलाय. "आकडा टाकून चार्ज होईल का हो?" असंही एकानं गंभीर चेहऱ्यानं विचारून झालंय.

बाहेरची परिस्थिती वेगळी. गाडी डीसी, म्हणजे जलद, चार्जरवर 195 किलोवॉटपर्यंत वीज घेऊ शकते, म्हणजे दहा टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत 35 मिनिटं. पण तेवढा चार्जर समोर हवा ना! साठ किलोवॉटच्या गनवर तेवढ्यालाच सव्वा ते दीड तास जातो. हायवेजवळच्या एका ठिकाणी ॲपवर 'उपलब्ध' दिसत होतं, आणि प्रत्यक्षात स्क्रीन काळी. वॉचमन खाटेवरूनच म्हणाला, "साहेब, कालपासून बंदच हाय. मेकॅनिक येतो म्हणला, पण आला न्हाई." म्हणून ॲपवर विसंबून मी 25 टक्क्यांच्या खाली जात नाही.

बीड-अंबाजोगाई-लातूर दौऱ्यात तर बाहेरचा चार्जर हिशेबातच धरत नाही. लातूरला मेव्हण्याकडे मुक्काम असतो. तिथल्या साध्या 15 ॲम्पिअरच्या सॉकेटवर तासाला तीन युनिट मिळतात, रात्रभरात दीडशे किलोमीटरची सोय होते. पण पोर्टेबल चार्जर अर्थिंगच्या बाबतीत फार कडक. पहिल्या उन्हाळ्यात लाल दिवा लागला तो जाईना. मेव्हण्यानं मागच्या भिंतीलगतचं अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण उचललं, आत माती भाजून भेगाळलेली. त्यानं बादलीभर पाणी ओतलं, थोडं मुरू दिलं, पुन्हा प्लग लावला आणि हिरवा दिवा. ज्या गावाला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं गाडीसाठी बादली रिती करताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

छोट्या गोष्टी. बॉनेट आपण उघडायचं नसतं. काच धुण्याचं पाणी भरायला पुढचा बीएमडब्ल्यूचा बिल्ला दाबायचा, तो वर उचलला जातो आणि खाली नळी असते. आमचा ड्रायव्हर पाण्याची बाटली हातात घेऊन बराच वेळ गाडीभोवती फिरला आणि शेवटी म्हणाला, "दादा, हिला तोंडच न्हाई." पुढच्या जाळीवर पॉलियुरेथेनचा थर आहे, त्यावरचे बारीक ओरखडे उबेनं आपोआप भरतात, साध्या तापमानाला चोवीस तास, गरम हवा मारली तर पाच मिनिटं. जालन्याच्या उन्हात त्याला वेगळी गरम हवा लागत नाही. निघण्याआधी मोबाइलवरून एसी चालू करता येतो, आणि गाडी अंगणात उन्हात उभी असली की या सोयीची किंमत कळते. इंजिन ऑइलचा प्रश्नच नाही. ब्रेक पॅड अजून नव्यासारखे आहेत. केबिनचा एअर फिल्टर मात्र जिनिंगच्या हंगामात कापसाच्या बारीक तंतूंनी भरतो, तो लवकर बदलावा लागतो.

आणि स्टेपनी नाही. गेवराईच्या अलीकडे अर्धवट सोडलेल्या मोरीच्या कडेला टायरची बाजूची भिंत चिरली. बाजूची चीर पंक्चरवाल्याकडे भरून निघत नाही, त्यामुळे गाडी फ्लॅटबेडवर घरी आली. या मापाचा टायर जालन्यात कुणाकडे नव्हता. मुंबईहून येईपर्यंत ती तशीच उभी. आता एक जादा टायर गोदामात ठेवतो आणि लांब जाताना डिकीत टाकतो. डिकी 500 लिटरची, टायर बसतो, पण मग बॅगा मागच्या सीटवर आईच्या पायाशी जातात, आणि पाय पसरता येत नाहीत म्हणून ती परळीऐवजी आता माजलगावपर्यंतच झोपते.