इचेवेरिया घ्यायचं की हॉवर्थिया? बेळगावचा पावसाळा धरून सांगतोय

दोन्ही सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी कुंडीतली झाडं. नर्सरीत गेलं की हात आधी इचेवेरियाकडंच जातो, ती निळसर-गुलाबी पानांची कमळासारखी गड्डी बघून कुणालाही मोह होतोय, खरं घ्यायच्या आधी एकच गोष्ट ठरवा, जून ते सप्टेंबर हे झाड घरात कुठं ठेवणार? ऊन, खत, कुंडी हे सगळं नंतर बघता येतंय.

इचेवेरिया बहुतेक मेक्सिकोकडचं. अतानासिओ एचेवेरिया म्हणून तिथला वनस्पतींची चित्रं काढणारा चित्रकार होता, त्याच्यावरनं नाव पडलंय, म्हणून कुणी एचेवेरिया म्हणतंय कुणी इचेवेरिया, झाड एकच. डोंगरउतारावर खडकाच्या फटीत वाढणारं, म्हणजे ऊन भरपूर आणि मुळाशी पाणी थांबायचं नाही. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेचं, तिथं ते झुडपाच्या नाहीतर दगडाच्या सावलीला राहतंय. दोघांचा सगळा फरक इथनंच सुरू होतोय.

आमच्या टिळकवाडीत जुलैत झिमझिम लागली की दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही. अशा हवेत इचेवेरियाला दोन्हीकडनं मार बसतोय. माती ओली राहून बुंधा सडतोय, खालची पानं मऊ, काचेसारखी होऊन हात लावला की गळतात. आणि उजेड कमी पडला की मधला शेंडा लांबत जातोय, पानांत अंतर पडतंय, एकदा लांबलेलं परत गच्च होत नाही, वरचं डोकं कापून नव्यानं लावावं लागतंय. पहिल्या वर्षी माझी पाच झाडं गेली, पत्र्याखाली ठेवली होती तरी, फार वाईट वाटलं. नंतर कळलं की माती बदललीच नव्हती, नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) होतं आणि ते पावसाळ्यात वाळतच नाही. आता एक वाटा माती, दोन वाटे विटेचे बारीक खडे आणि जाडी वाळू असं करतोय, खडे चाळून धूळ काढायची, नाहीतर तीच खाली जाऊन कुंडीचं भोक बुजवतीय.

हॉवर्थियाचं तसं नाही. पांढऱ्या पट्ट्यांचं झेब्रा घ्या, पूर्वेच्या खिडकीत ठेवा, पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांतनं एकदा पाणी, तेही माती आतपर्यंत वाळली तरच. एप्रिलच्या दुपारच्या उन्हात मात्र पानं तांबूस पडतात, सावलीत सरकवलं की हळूहळू हिरवी होतात. वाढ सावकाश आहे, इचेवेरियासारखा रंगही नाही, खरं बाजूला पिल्लं येत राहतात आणि कुंडी भरतीय.

म्हणून फ्लॅट असेल, बाल्कनीला चार तास ऊन नसेल, किंवा तुम्ही खानापूर-जांबोटीच्या पावसात राहात असाल तर माझ्या मते हॉवर्थियाच घ्या. अथणी, रायबागकडं पाऊस कमी, तिथं इचेवेरिया जास्त खुलतंय, फक्त मार्चपासनं दुपारी शेडनेट पाहिजे. बेळगावात गच्चीवर पारदर्शक पत्रा आणि चारी बाजूनं वारं असेल तर इथंही जमतंय, मी जमवलंय. मन गुलाबासारख्या गड्डीवरच असेल आणि जागा ना पुरत्या उन्हाची ना पुरत्या सावलीची असेल तर ग्राप्टोपेटलम बघा, दिसायला जवळपास तसंच आणि बरंच चिवट. तशाच गड्डीचं सेम्परव्हायव्हम मात्र युरोपातल्या थंड डोंगरातलं, आपल्याकडं त्याच्या नादी लागू नका.

इचेवेरियाच ठरलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणा, म्हणजे पुढच्या पावसाआधी मुळं धरायला सात-आठ महिने मिळतात. घेताना पानांच्या बेचक्यात पांढरी कापसासारखी कीड नाही ना बघा, असली तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडनं पुसायची. पानांवरची पांढरी पावडर मात्र पुसायची नाही, ती उन्हापासनं राखणारी असतीय. आणि मे महिन्यात प्रत्येक झाडाची दोन-तीन पानं बुडापासनं अख्खी काढून सावलीत तीन दिवस वाळवून कोरड्या मातीवर नुसती ठेवा, तीन-चार आठवड्यांत गुलाबी मुळं फुटतात, जुलैत मोठं झाड गेलंच तर त्याचंच रोप हाताशी राहतंय.