वही, फोन की कार्डं? स्टँडअपचं मटेरियल ठेवायचं कुठे

पाच-सहा ओपन माइक (म्हणजे कुणीही नाव देऊन पाच मिनिटं बोलू शकतो असे कार्यक्रम) झाले की प्रत्येक नवा कॉमिक एक प्रश्न विचारतोच: "तू लिहितोस कशात?" पुण्यात कॅफेच्या मागच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघत मीही हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारलाय. उत्तरं साधारण चारच येतात. वही, फोन, कार्डं, आणि "मी लिहीत नाही रे, मला स्टेजवर सुचतं". हे चौथं उत्तर देणाऱ्याच्या फोनमध्ये हमखास दोनशे नोट्स निघतात.

चारही प्रकार करून झाल्यावर माझं मत असं झालंय की आधी आपलं काय हरवतं ते बघावं. कुणाची कल्पना हरवते: बसमध्ये सुचलं, घरी पोचेपर्यंत गेलं. कुणाचे शब्द हरवतात: परवा याच वाक्याला हशा आला होता, पण मी नक्की काय म्हणालो होतो? आणि कुणाचा क्रम हरवतो: बिट, म्हणजे एकेका विषयावरचे विनोदी तुकडे, चांगले आहेत, पण एकातून दुसऱ्यात जाताना दर वेळी "तर... अजून एक गोष्ट म्हणजे..." हे तीन वेगळे आजार आहेत आणि एका गोळीने जात नाहीत.

कल्पना पकडायला फोनला तोड नाही. रात्री दोन वाजता उशाशी दिवा न लावता लिहिता येतं, लग्नाच्या पंगतीत लिहिता येतं, लोकांना वाटतं तुम्ही मेसेज करताय. पण पकडलेलं परत सापडणं हा वेगळा विषय. मी एकदा नोट्समध्ये "रिक्षा" शोधलं तर दोन नोट्स आल्या. पुण्यात राहून रिक्षावर दोनच? बाकीच्या "रिक्शा" लिहिलेल्या होत्या, आणि घाईत रोमनमध्ये लिहिलेल्या तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी पडून होत्या. "आजी" आणि "आज्जी" यांचंही तेच. मराठीत काम करणाऱ्याने यावर एक साधा नियम स्वतःला लावून घ्यावा: नोटचा पहिला शब्द विषयाचा, देवनागरीत, आणि दर वेळी त्याच शुद्धलेखनाने. शुद्धलेखन चुकीचं असलं तरी चालेल, दर वेळी तेच चुकवा.

बोलून टाइप करायची सोय मराठीतही बरी चालते. पण माझ्या फोनवर सगळं एका दमात, विरामचिन्हांशिवाय उमटतं, आणि कुठे थांबलो होतो तेच त्यात नसतं. फोनचा दुसरा दोष आपलाच असतो. आपण मथळे लिहितो. "काका + पार्किंग!!" तीन महिन्यांनी ती दोन उद्गारचिन्हं आपल्याकडे बघतात आणि आपण त्यांच्याकडे. काय गमतीशीर होतं ते आठवत नसेल तर निदान आपल्याला राग कशाचा आला होता एवढं एक पूर्ण वाक्य लिहावं. राग आठवला की गंमत मागून येते.

फोन हातात घेऊन स्टेजवर मात्र जाऊ नका. चेहऱ्यावर खालून उजेड पडतो आणि प्रेक्षकांना वाटतं हा ओला बघतोय. माझ्या एका सेटच्या, म्हणजे स्टेजवरच्या सादरीकरणाच्या, मधोमध आईचा फोन आला होता. त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा तोच, आणि तो मी लिहिलेला नव्हता.

आता वही. अमेरिकन कॉमिक जेरी साइनफेल्ड आजही पिवळ्या कागदांच्या पॅडवर बॉलपेनने लिहितो. २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या एका व्हिडिओत त्याने पॉप-टार्ट या नाश्त्याच्या खाऊवरचा एक बिट उलगडून दाखवला. त्यावर तो दोन वर्षं काम करत होता. एका विनोदातून दुसऱ्यात जायचा दुवा बसत नसेल तर तो शब्दांमधली अक्षरं मोजत, कापत बसतो. हे काम फोनवर होत नाही. फोनवर खोडलेलं नाहीसं होतं. वहीत खोडलेलं दिसत राहतं, आणि कधीकधी खोडलेलंच बरोबर असतं.

पण मराठीत वहीचा एक मोठा धोका आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ज्या शब्दाने हशा येतो तो वाक्याच्या शेवटी ठेव, असा या धंद्यातला जुना सल्ला आहे. इंग्रजीत ते सोपं आहे. मराठीत शेवटची जागा क्रियापदाने आधीच अडवलेली असते. हातात पेन आलं की आपण शाळेतल्यासारखे सुबक लिहायला लागतो. माझ्या वहीतलं वाक्य हे होतं:

"सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोन तास भांडणाऱ्या काकांकडे फक्त पीएमपीचा पास होता."

(पीएमपी म्हणजे पुण्याची सिटी बस.) व्याकरण चोख आहे. पण "पास" ऐकून माणूस हसायला तोंड उघडतो तेव्हा मी अजून "होता" म्हणतोय. शिवाय "भांडणाऱ्या काकांकडे" असं कुणी बोलतं का? स्टेजवर ते असं झालं:

"मीटिंगमध्ये काका पार्किंगवरून दोन तास भांडले. दोन तास! आणि काकांकडे आहे काय? पीएमपीचा पास."

प्रश्न विचारून क्रियापद आधीच संपवून टाकलं, शेवट मोकळा झाला. म्हणून वहीत लिहायचं असेल तर आधी मोठ्याने बोला, मग बोललेलंच उतरवा. माझी पद्धत अशी: उजव्या पानावर मजकूर, डावं पान कोरं. शो झाला की डाव्या पानावर तारीख, चालला की पडला, आणि ऐन वेळी सुचलेला टॅग, म्हणजे हशानंतर मागून जोडलेली ओळ. पडलेल्या ओळीवर काट मारायची नाही, नुसती तारीख घालायची. तीन वेगवेगळ्या खोल्यांत तीन तारखा पडल्या की मग काट. एका रिकाम्या मंगळवारच्या सहा प्रेक्षकांवरून फाशी देऊ नये.

वही हरवते, भिजते, त्यात शोधता येत नाही, सगळं खरं. पण नवी वही घेतली की जुन्यातलं हाताने उतरवावं लागतं, आणि हा त्रास मला फायद्याचाच वाटतो. हात दुखायला लागला की फालतू वाक्यं आपोआप गळतात.

कार्डं म्हटलं की फिलिस डिलर आठवतात. अमेरिकन स्टँडअपमधल्या या दादा बाईंचं ४८ खणांचं पोलादी कपाट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. त्यांनीच ते २००३ मध्ये दिलं. आत ५२,००० च्या वर कार्डं, ३ × ५ इंचांची, विषयवार लावलेली. २०१७ मध्ये स्वयंसेवकांनी ती एकेक करून संगणकावर उतरवली. कपाटाचा फोटो बघितला की वाटतं, आपणही उद्यापासून. थांबा. डिलर यांचा विनोद एका-दोन ओळींचा होता. नवरा, स्वयंपाक, स्वतःचं दिसणं, धाड-धाड एकामागून एक. एक विनोद, एक कार्ड, हिशेब जुळतो. आपल्याकडे स्टँडअप करणारे बरेच जण कथाकथन आणि एकपात्रीच्या वळणाने जातात. गावची जत्रा सांगायला घेतली तर पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं पोस्टकार्डापेक्षा लहान कागदावर बसत नाहीत.

एकोळीवाल्यांनी मात्र जरूर कार्डं घ्यावीत. बाकीच्यांना कार्डांचा उपयोग क्रमासाठी, तोही हाताशी वीसेक मिनिटं जमल्यावर. प्रत्येक बिटचं एक कार्ड, त्यावर फक्त नाव आणि शेवटची ओळ. सगळी जमिनीवर मांडायची आणि हलवत बसायचं. कुठल्या बिटची शेवटची ओळ कुणाच्या पहिल्या ओळीला चिकटते, कॉलबॅक (आधीच्या विनोदाची पुढे परत काढलेली आठवण) किती लांब ठेवायचा, हे उभं राहून वरून बघितलं की दिसतं. पंखा बंद ठेवा.

ज्यांचा पिंडच पसाऱ्याचा आहे त्यांना जॉर्ज कार्लिन या अमेरिकन कॉमिककडे बघून धीर यावा. हाताला लागेल त्या कागदावर तो टिपणं करायचा आणि मग विषयवार प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचा. टिपताना शिस्त नाही, लावताना आहे. १९७७ ते २००८ या काळात त्याने एचबीओ या अमेरिकन टीव्ही वाहिनीसाठी चौदा कार्यक्रम केले, तेव्हा पिशव्यांना हसू नये.

स्प्रेडशीटबद्दल फार बोलण्यासारखं नाही. हिंदी-मराठी दोन्ही करत असाल, ऑफिसांचे स्वच्छ, म्हणजे शिव्या-अश्लीलता नसलेले, शो घेत असाल, तर बिट, मिनिटं, भाषा, कुठे केला एवढे रकाने पुरतात. पाच मिनिटांच्या सेटसाठी जो रंगीत रकाने आखतो तो लिहायचं टाळतोय असं समजावं. मी आखले होते.

आणि रेकॉर्डिंग. हे मी तुलनेत धरतच नाही, कारण वरचं काहीही निवडलंत तरी हे लागणारच. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, कबूल. पण स्टेजवरून आपल्याला जो हशा आठवतो तो आणि खरा आलेला यांत बरंच अंतर असतं. फोन खिशात ठेवलात तर कापडाची खसखस येते, मित्राजवळ दिलात तर त्याचंच हसणं ऐकू येतं. पाण्याच्या बाटलीशेजारी स्टुलावर ठेवा, एअरप्लेन मोडवर. दुसऱ्या दिवशी ऐकताना वहीतल्या ओळीशेजारी हशाची वेळ लिहा. होस्टचं हसणं वजा करा, तो सगळ्यांना हसतो.

आज सुरू करणाऱ्याने शंभर पानी वही आणि फोनमधला रेकॉर्डर एवढ्यावर सहा महिने काढावेत. कल्पना हरवत असतील तर फोनमधली नोट जोडावी, पण रविवारी ती वहीत उतरवून फोनमधून पुसावी. कार्डांचे पैसे पहिला पंधरा मिनिटांचा स्पॉट मिळाला की खर्च करा.

काकांचं वाक्य सध्या सातव्या रूपात आहे. गेल्या गुरुवारचं रेकॉर्डिंग ऐकलं तर हशा पासवर आलाच नव्हता. तो दुसऱ्या "दोन तास!"वर आला होता, आणि पासच्या वेळी मी त्याच हशावर बोलून गेलो होतो. डाव्या पानावर लिहून ठेवलंय: "दोन तासनंतर गप्प बस. तीनपर्यंत मोज."