हयातीच्या दाखल्याचा ई-मेल आणि अण्णांची मुदतठेव

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि जुळे सोलापुरात राहतात. पैशांच्या बाबतीत ते इतके काटेकोर आहेत की पासबुकातील प्रत्येक नोंद वहीत उतरवून ठेवतात. अशा माणसाच्या खात्यातून गेल्या नोव्हेंबरमध्ये दोन लाखांहून अधिक रक्कम गेली, तेव्हा ‘म्हातारी माणसे भोळी असतात’ असे म्हणून कोणी हा विषय बाजूला सारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नोव्हेंबर महिना ठग विचार करूनच निवडतात. याच महिन्यात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो राहिला तर निवृत्तिवेतन थांबते, त्यामुळे ई-मेलमधील धमकी खरी वाटते. अण्णा बँकेत जाऊन सही करून आले होते. तरीही ‘आपला दाखला अमान्य ठरला असून 24 तासांत नव्याने सादर न केल्यास निवृत्तिवेतन रोखण्यात येईल’ असे राजमुद्रेखाली, अगदी सरकारी पत्राच्या भाषेत लिहिलेले वाचून त्यांचा धीर सुटला. पाठवणाऱ्याचे नाव ‘निवृत्तिवेतन विभाग’ असे दिसत होते. मी नंतर त्या नावावर बोट टेकवले, तेव्हा खाली उघडलेला पत्ता कोणालाही फुकट मिळणाऱ्या ई-मेल सेवेचा, अक्षरांची आणि आकड्यांची सरमिसळ असलेला निघाला. मोबाइलवर नाव तेवढे दिसते, पत्ता झाकलेला राहतो. सरकारी कार्यालयाचा पत्ता सहसा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतो, हे घरातील ज्येष्ठांना एकदा त्यांच्याच मोबाइलवर, त्यांच्याच हाताने उघडून दाखवायला हवे.

ई-मेलमधील दुव्यावरून जे अ‍ॅप उतरले, ती एक एपीके फाइल होती, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून थेट मोबाइलमध्ये येणारे अ‍ॅप. मोबाइलने धोक्याची सूचना दिली होती. पण ‘अशी सूचना आल्यास परवानगी द्यावी’ असे ई-मेलमध्येच लिहून ठेवलेले असल्यामुळे अण्णांनी परवानगी दिली. पुढे त्या अ‍ॅपने मेसेज वाचण्याचीही परवानगी घेतली आणि दहा रुपये शुल्काच्या निमित्ताने कार्डाचा व नेटबँकिंगचा तपशील भरून घेतला. त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी ठगांच्या हाती परस्पर जात राहिला. ‘मी ओटीपी कोणालाच सांगितला नाही’ असे अण्णा आजही सांगतात आणि ते अक्षरशः खरे आहे. ओटीपी सांगू नका, एवढीच शिकवण आता पुरत नाही.

मला सर्वांत जास्त सलते ते पुढचे. शुल्काचे पान नुसतेच फिरत राहिले, तेव्हाच अण्णांना शंका आली होती. परंतु मुले रागावतील, मोबाइल काढून घेतील, या संकोचाने ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गप्प राहिले आणि मधल्या रात्रीच त्यांची मुदतठेव ऑनलाइन मोडून ती रक्कमही वळती करण्यात आली. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे असते. त्या रात्री तोंडातून एक शब्द निघाला असता, तर ठेव वाचली असती. म्हणून चूक झाली तरी घरात कोणी आवाज चढवणार नाही, ही खात्री ज्येष्ठांना आधीच दिलेली असावी.

समजताच प्रथम मोबाइलचे इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्या मोबाइलवरून, पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला कळवून खाते गोठवून घ्यावे. गुगलवर शोधलेला क्रमांक लावू नये, कारण तिथेही खोटे क्रमांक पेरलेले असतात. त्यानंतर लगेच 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ई-मेल पुसू नये, पडद्यावरील सर्व मजकुराची दुसऱ्या मोबाइलने छायाचित्रे घ्यावीत, आणि मगच मोबाइल पूर्ण रिसेट करून पासवर्ड बदलावेत. आम्ही 1930 वर कळवले तोवर बरीच रक्कम पुढच्या खात्यांत गेली होती. मुदतठेवीचा काही भाग मात्र एका खात्यात गोठवला गेला आणि तो परत मिळवण्याची प्रक्रिया अजून सुरू आहे.

एका गोष्टीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एकदा फसलेल्या माणसाला पुन्हा फोन येतात. अण्णांनाही ‘सायबर विभागातून बोलतो, तुमची गोठवलेली रक्कम सोडवून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन आला आणि पलीकडच्या माणसाला गेलेली रक्कम नेमकी ठाऊक होती. रक्कम परत देण्यासाठी पोलीस फोनवरून शुल्क मागत नाहीत. या वेळी अण्णांनी फोन ठेवून लगेच मला कळवले आणि तो क्रमांक आम्ही आधीच्या तक्रारीला जोडून दिला.